जोड नसलेली मिशी

माझ्या आत्याने आयुष्यभर भोकं बुजवली, आणि ती अशी बुजवली की ज्याचं कापड त्यालाही पुन्हा सापडली नाहीत.

कापडबाजाराच्या मागच्या गल्लीत जिन्याखालच्या खोलीत ती बसायची. खिडकीशी ठेंगणं स्टूल, मांडीवर लाकडी चौकट, डोळ्याला दोऱ्याने बांधलेलं भिंग. कुणाच्या कोटाला कसर लागलेली असायची, कुणाच्या शालीवर ठिणगी उडालेली. आत्या कापड आधी उलटं करायची, शिवणीच्या आत दडलेली शिल्लक शोधायची आणि तिथूनच चार धागे ओढून काढायची. त्याच धाग्यांनी भोक विणायचं. उभा, आडवा, उभा, आडवा. बाहेरचा धागा तिने कधी लावला नाही. "परका धागा पहिल्याच धुण्यात चुगली करतो," असं ती म्हणायची.

काम झालं की ती गिऱ्हाइकाला सांगायची, "शोधा बघू. सापडलं तर काम फुकट." तिने फुकट काम केल्याचं आमच्या घरात कुणाला आठवत नाही.

एकदा असाच एक कोट घेऊन थोरले सर आले. जुन्या दगडी संग्रहालयात कीटकांच्या दोन खोल्या होत्या, त्यांचे ते प्रमुख. कोट परत मिळाल्यावर त्यांनी तो दिव्याखाली पाहिला, खिडकीत पाहिला, बाहेर रस्त्यावर उन्हात नेऊन पाहिला. मग निघून गेले. दुसऱ्या दिवशी बुटांचं खोकं घेऊन हजर. खोक्यात एक फुलपाखरू, पंख फाटलेलं.

"हे कापड जमेल?"

आत्याने भिंगातून बराच वेळ पाहिलं. "याची शिवण कुठे आहे, सर? धागा काढू कुठून?"

सर हसले. पण सुतावरून स्वर्ग गाठायची आत्याला सवयच होती. पातळ कागदाचा नखाएवढा तुकडा, सुईच्या टोकावर मावेल एवढा डिंक आणि अर्धा तास धरलेला श्वास, एवढ्यावर तिने तो पंख सांधला. त्यानंतर बारा वर्षं ती सकाळी रफू करायची आणि दुपारी संग्रहालयात जायची.

तिथलं कामही हलकं नव्हतं. वाळून कडक झालेले कीटक ओल्या वाळूच्या डब्यात दोन दिवस ठेवून नरम करायचे, पाय चिमट्याने नीट बसवायचे, तुटलेलं ज्याचं त्याला जोडायचं. खोलीभर डांबराच्या गोळ्यांचा वास. चारशेवर कीटक तिच्या हातून उभे राहिले. पहिल्याच वर्षी तिच्याकडून एक चूक झाली. एका फुलपाखराची मिशी हरवली होती. मिशा म्हणजे कीटकाच्या डोक्यावरच्या दोन तारा. सर त्यांचं मोठं नाव घ्यायचे, आत्या मिशाच म्हणायची. तर तिने टाकाऊतल्या दुसऱ्या फुलपाखराची मिशी काढून याला लावली. कुणाला कळलंही नसतं. पण दोन रात्री तिला झोप लागली नाही आणि तिसऱ्या दिवशी तिने सरांना स्वतःहून सांगितलं.

"कोटाला दुसऱ्या कोटाचा धागा लावता का?" सरांनी विचारलं.

"नाही."

"मग?"

तिने मिशी काढली. सरांनी वहीत एक ओळ लिहिली: अमुक फुलपाखराला परकी मिशी लावली होती, काढली. वही कपाटात गेली.

सरांनी तिला हळूहळू कीटकांची घराणी शिकवली. त्यांतलं एक घराणं तिला सख्ख्या माहेरासारखं वाटायचं. पंखांवर बारीक जाळी असलेल्या कीटकांचं ते घराणं. ती त्यांना जाळीवाले म्हणायची. भिंतीच्या कडेला, पागोळ्या न पोचणाऱ्या कोरड्या धुळीत नरसाळ्यासारखे खड्डे करून तळाशी दबा धरणारा तो किडा जाळीवाल्यांचंच पोर. मुंगी घसरली की खालून तिच्यावर वाळू उडवतो. आणि ती नाजूक हिरवी माशी, जिची पोरं झाडावरचा मावा खातात. ती पानावर आधी एक केसासारखा धागा उभा करते आणि त्याच्या टोकावर एकच अंडं ठेवते. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा आत्या म्हणाली, "बघा, हिला धागा ताठ उभा करता येतो. मला अजून जमला नाही."

सरांच्या शेवटच्या आजारपणात एका दुपारी संग्रहालयाच्या खिडकीच्या कठड्यावर आत्याला एक मेलेला कीटक मिळाला. आधी तिला तो चतुर वाटला. तसंच लांब अंग, तसेच चार पंख. पण चतुराच्या मिशा इवल्याशा असतात, आणि याच्या डोक्यावर बोटभर लांब मिशा, टोकाला फुलपाखरासारखी गाठ. डोळे हे मोठे, आणि प्रत्येक डोळ्याच्या मधोमध चर, जणू कुणी दोन बटणं एकत्र शिवली आहेत. तिने त्याला टाचणीवर बसवलं, खाली आपल्या हाताने चिठ्ठी लिहिली आणि जाळीवाल्यांच्या खणात ठेवलं. सरांना दाखवायला घेऊन जाणार होती. पण त्याच आठवड्यात सर गेले.

त्यांच्या जागी जे आले ते तरुण होते. आजवरची सगळी वर्षं गोगलगायींच्या अभ्यासात घालवलेले. सगळे त्यांना साहेब म्हणायचे. माणूस कडक, पण खोटा नव्हता. त्यांनी एकेक खण उघडून तपासायला घेतला, आणि जाळीवाल्यांच्या खणापाशी थांबले.

"बाई, हे काय आहे?"

"मिशीवाला चतुर. मी आपलं ठेवलेलं नाव आहे, साहेब."

साहेबांनी कपाटातून जाड पुस्तक काढलं. "याला घुबडमाशी म्हणतात. घुबडासारखे डोळे म्हणून. पण ही आपल्या भागात कधी कुणाला मिळालेली नाही." मग त्यांनी पुस्तकातलं चित्र तिच्यापुढे धरलं. "हे चित्र तुम्ही पाहिलं होतं?"

"पाहिलं होतं. सरांनीच दाखवलं असेल. नाव ध्यानात राहिलं नव्हतं."

साहेबांनी थोरल्या सरांची वही उघडली. परक्या मिशीची ती ओळ त्यांनी आधीच वाचलेली होती. चतुराच्या डोक्यावर फुलपाखराच्या मिशा. चित्र पाहिलेलं. हात असा की सांधा दिसत नाही. माणसाने आणखी काय समजायचं?

"जोड असला तर तो दिसेल ना, साहेब," आत्या म्हणाली. "भिंग घ्या."

"तुम्हीच सगळ्यांना सांगता ना, शोधून दाखवा म्हणून?"

आपलेच दात, आपलेच ओठ.

साहेबांनी त्या घुबडमाशीखाली पेन्सिलने लिहिलं: बनावट असावी. मग सरळ सांगितलं. एक कीटक खोटा ठरला की तुमच्या हातचे चारशेही संशयात येतात. पुढच्या उन्हाळ्याच्या शेवटी खणांची छाननी आहे. तोवर या भागात घुबडमाशी असते हे दिसलं तर ठीक. नाहीतर तुमच्या हातचं सगळं काढून ठेवावं लागेल. "मी तुम्हाला चोर म्हणत नाही," ते म्हणाले. "पण मला डोळ्यांनी दिसायला हवं."

आत्या घरी आली आणि चूल न पेटवता बसून राहिली. तिचा नवरा, म्हणजे आमचे आतोबा, सुतार. त्यांनी रंधा बाजूला ठेवून सगळं ऐकून घेतलं.

"गोगलगायवाला माणूस तो," आतोबा म्हणाले. "तो डोळे बाहेर काढेपर्यंत चतुर उडालेला असतो."

"चेष्टा नको. त्याचं बरोबर आहे. त्याच्या जागी मी असते तर मीही तेच म्हटलं असतं."

"मग आता?"

"मग आता जिवंत शोधायची."

संग्रहालयाच्या मागे पडीक जागा होती. तारेचं कुंपण, कंबरेएवढं वाळलेलं गवत, झुडपं. आत्या रोज काम संपलं की तिथे जायची आणि अंधार पडेपर्यंत उभी राहायची. दोनदा साहेबही आले, गवताकडे पाहत उभे राहिले, आणि कपड्यांना कुसळं लावून परत गेले. आत्या मात्र शोधत नसायची, ती नुसती पाहायची. कापडात चूक शोधायची असते तेव्हा एकेक धागा बघून चालत नाही. नजर सैल सोडायची, मग जिथे वीण वेगळी चालते तिथे ती आपोआप अडखळते.

तेविसाव्या दिवशी ती अडखळली. एका वाळलेल्या काडीला बाजूची फांदी फुटली होती, पण जिथे फुटली तिथे कोंबाचा डोळाच नव्हता. फांदी अशी फुटत नाही. आत्या एक पाऊल पुढे गेली, तेव्हा त्या फांदीला डोळे दिसले. घुबडमाशी डोकं खाली करून, मिशा आणि पंख काडीला चिकटवून, मागचं अंग हवेत उभारून बसली होती. आत्याने हात पुढे केला आणि ती भुर्रकन उडाली ती गेलीच. पण ती बसली होती तिथे, काडीवर, दुहेरी टाका घालावा तशी अंड्यांची दुहेरी ओळ होती. एकूण सेहेचाळीस.

साहेबांनी अंडी पाहिली. "कशाचीही असू शकतात."

"वाढवून दाखवते."

"वर्ष जाईल, बाई."

"तेवढं आहे ना माझ्याकडे? उन्हाळ्याच्या शेवटापर्यंत."

आठवड्याभराने अंडी फुटली. पोरं निघाली ती काडीवरच एकमेकांना चिकटून बसली, सगळ्यांची तोंडं बाहेर आणि जबडे सपाट उघडे. आत्याने बोट जवळ नेलं की सगळा घोळका एकदम डोकी वर करायचा. दहा दिवसांनी एकेक जण खाली उतरू लागला. आता ती एकमेकांना खातील हे आत्याला माहीत होतं. आतोबांनी तिला सेहेचाळीस खणांची एक उथळ पेटी करून दिली, वर जाळीचं झाकण. प्रत्येक खणात चिमूटभर वाळू आणि पानांचा चुरा.

आणि मग त्या खोलीत एक वेगळाच संसार सुरू झाला. आत्या शिवायच्या आधी मुंग्या पकडायची. आतोबा लाकडातल्या वाळव्या आणून द्यायचे. ही पोरं खड्डा करत नाहीत. नुसती पसरून पडतात आणि अंगावर कचरा ओढून घेतात, म्हणजे कुणाला दिसू नये. पण रफूवालीच्या घरात कचरा म्हणजे कापडाची लव. पेटी खिडकीशी होती, लव उडून खणांत पडायची, आणि पोरं ती पाठीवर घ्यायची. पोस्टमनच्या निळ्या लोकरी कोटाची रफू चालली होती त्या दिवसांत एकाने सगळी निळी लव पांघरली. त्याचं नाव पोस्टमन पडलं. दुसऱ्याने तपकिरी मखमल घेतली. तो शेठ.

"यांना शौचाला कुठे नेतेस?" आतोबांनी एकदा विचारलं.

"ते जातच नाहीत. पंख फुटेपर्यंत सगळं पोटातच ठेवतात. सर सांगायचे."

आतोबा विचारात पडले. "वर्षभर?"

"वर्षभर."

"तुझ्या भावाला प्रवासात तासभर जमत नाही."

थंडीत पोरं मरू लागली. रोज सकाळी आत्या जाळी उचलून बघायची आणि एखादं कमी झालेलं असायचं. थंडी सरली तेव्हा अकरा उरली. त्यातली सहा कोषाआधीच गेली. पाचांनी आपल्याभोवती कोष विणले, आणि तेही शेपटाकडून धागा काढून. आत्या भिंगातून तासन्‌तास ते बघत बसायची, आणि एवढ्या वेळात गिऱ्हाईक येऊन गेलं तरी तिला पत्ता नसायचा. वाळू, लव आणि रेशीम मिळून वाटाण्याएवढी गोळी झाली. पोस्टमनची निळी, शेठची तपकिरी. पाचांपैकी तिघांना बुरशी लागली. दोन राहिले.

छाननीला वीस दिवस असताना शेठ बाहेर आला, पण आत्या त्या सकाळी कापड पोचवायला गेली होती. ती आली तेव्हा पंख वाळून ताठ झालेले होते. झाकणाच्या फटीत अडकून, धडपडून त्याची एक मिशी मुळापासून तुटली होती आणि तो पेटीत मरून पडला होता. पण तो घुबडमाशीच होता, तंतोतंत. आत्याने त्याला उचललं, टाचणीवर बसवलं, पंख पसरले. मिशी बाजूला पडलेली होती. डिंकाची बाटली हाताशीच.

जित्याची खोड. तिने मिशी उचलली, मुळाशी डिंक लावला आणि जागच्या जागी बसवली. बारा वर्षांत एवढा सुंदर सांधा तिच्या हातून उतरला नव्हता. मग तिने ब्रश खाली ठेवला, आणि आपण काय केलं ते तिच्या लक्षात आलं.

आतोबा दारात उभे होते. "काय झालं?"

"मी रफू केली," आत्या म्हणाली.

आतोबांनी विचारलं, "सांगायलाच हवं का?" त्यांनाही उत्तर माहीत होतं.

आत्याने शेठला संग्रहालयात नेलं. "साहेब, हा माझ्या घरी जन्मला. दोन्ही मिशा त्याच्याच आहेत, पण एक तुटली होती आणि मी ती चिकटवली आहे."

साहेब ताडकन उठले होते, ते पुन्हा बसले. त्यांनी भिंग घेतलं. एक मिशी पाहिली, दुसरी पाहिली, पुन्हा पहिली पाहिली. दहा मिनिटं गेली.

"कोणती चिकटवली?"

"उजवी."

साहेबांनी भिंग खाली ठेवलं. "मला दिसत नाही. बाई, तुम्ही सांगता म्हणून मी मानतो. पण उद्या मला विचारलं की जोड नाही हे कशावरून, तर मी काय दाखवू? जी जोडली आहे ती आणि जी नाही ती, दोन्ही सारख्याच दिसतात."

आत्याने पिशवी उघडली. आतली डिंकाची बाटली, ब्रश, चिमटा, सुया असं एकेक करून तिने साहेबांच्या टेबलावर ठेवलं. शेवटी डोळ्याचं भिंग उतरवून तेही ठेवलं.

"हे तुमच्याकडे असू द्या. कुलपात. अजून एक कोष आहे. तो इथे, तुमच्या टेबलावर ठेवते. माझ्या हातांचा मला भरवसा नाही."

साहेबांनी ते सगळं खणात ठेवून कुलूप लावलं आणि किल्ली खिशात घातली. त्यानंतर सोळा दिवस एका टेबलावर ते दोघं समोरासमोर बसले. साहेब गोगलगायींचे शंख मोजायचे. आत्या रिकाम्या हातांनी बसायची. आयुष्यात पहिल्यांदा. मधोमध आतोबांनी केलेली काचेची छोटी पेटी, तिच्यात वाळू, एक उभी काडी आणि ती निळी गोळी. एकदा साहेबांच्या कोटाचं बटण लोंबताना आत्याला दिसलं. तिचे हात टेबलावर आले, आणि मागे गेले.

"हे तरी लावायला द्याल?" तिने विचारलं.

"छाननीनंतर," साहेब म्हणाले, पण हसले.

सतराव्या दिवशी, सकाळी दहाच्या सुमाराला, निळी गोळी हलली. आतून कुणीतरी कुरतडत होतं. साहेबांनी शंख बाजूला सारले. गोळीला भोक पडलं आणि आतून एक कुबडं, फिकट काहीतरी रांगत बाहेर आलं, काडी चढलं आणि थांबलं. मग त्याच्या पाठीवरची कातडी उसवली. उसवली म्हणजे शिवणीवर उसवावी तशी, सरळ मधोमध. आधी डोकं निघालं, ते चिरलेले डोळे, मग पाय, मग ओल्या रुमालासारखे चुरगळलेले पंख. आणि मिशा. पोटाशी दुमडलेल्या दोन लांब तारा हळूहळू कातडीतून ओढल्या जात बाहेर येत होत्या. उजवी सुटली आणि सरळ झाली, टोकाला गाठ. डावी अडकली. तिचं टोक कातडीतच राहिलं. कीटक ओढत होता, थांबत होता, पुन्हा ओढत होता.

आत्याचे दोन्ही हात मांडीवर होते. तिने ते एकमेकांत घट्ट गुंतवले. चिमट्याचा एक स्पर्श, फक्त एक, आणि मिशी सरळ सुटली असती. बारा वर्षांत असे हजार स्पर्श तिने केले होते.

साहेबांचा हात खिशाकडे गेला. किल्ली त्यांच्या बोटांत आली. "बाई," ते हळूच म्हणाले, "देऊ का चिमटा?"

"नको," आत्या म्हणाली. "तुम्ही बघत राहा."

मिशी सुटली. टोकाजवळ वाकडी झाली होती, ती तशीच वाळली. पंख तासाभरात पसरले, दुधी होते ते काचेसारखे झाले, आणि त्यांच्यावर ती जाळी उमटली. शेकडो घरं, एकासारखं दुसरं नाही, आणि एकही टाका सुटलेला नाही. आत्याने ती वीण उघड्या डोळ्यांनी जेवढी दिसली तेवढी पाहिली. शेवटी त्या कीटकाने वर्षभर पोटात ठेवलेलं सगळं एका थेंबात काडीवर टाकलं, तेव्हा ती म्हणाली, "घरी सांगितलं पाहिजे," आणि तिला हसू आलं ते आवरेना.

साहेबांनी थोरल्या सरांच्या वहीत, त्या जुन्या ओळीच्या खाली, लिहिलं: घुबडमाशी माझ्यासमोर कोषातून निघाली. मिशा तिच्याच. डावी टोकाला वाकडी. खाली सही केली. मग खण उघडून पेन्सिलचे ते दोन शब्द खोडले. कातडी आणि कोष त्यांनी डबीत ठेवला आणि पेटी उचलून खिडकीत नेली. "मेलेली एक आहे आपल्याकडे, आणि आता तुमचा शेठ आहे. ही जाऊ दे," ते म्हणाले. वाकड्या मिशीची घुबडमाशी कठड्यावर थोडा वेळ बसली आणि मागच्या गवताकडे गेली.

कुलूप उघडून साहेबांनी हत्यारं परत दिली. आत्याने आधी त्यांचं बटण लावलं. मग म्हणाली, "साहेब, चारशेच्या चारशे खाली घ्या. मला त्यांना हात लावायचा आहे."

"आता कशाला? आता कुणाचा संशय नाही."

"माझ्या धंद्यात रफू दिसली तर लाज. म्हणून मी लपवत आले. पण हा धंदा वेगळा आहे, हे मला आता कळलं. इथे जोड दिसायला हवा. मी उद्या नसेन, तेव्हा कोण सांगणार कोणती मिशी मूळची आणि कोणती चिकटवलेली?"

त्या पावसाळ्यात तिने रोज दुपारी बसून, जिथे जिथे काही सांधलं होतं त्या कीटकाच्या टाचणीला, चिठ्ठीच्या वर, लाल धाग्याची एक गाठ मारली. कोणता भाग सांधला ते चिठ्ठीच्या मागे लिहिलं. आठवत नव्हतं तिथे 'आठवत नाही' असंही लिहिलं. लाल धागा बाजारातला होता. आयुष्यात परका धागा तिने तेवढा एकदाच वापरला.

ते खण मी पाहिले आहेत. फुलपाखरं, भुंगे, चतुर, ओळीने लाल गाठी. जाळीवाल्यांच्या खणात शेठ आहे, त्याच्याही टाचणीला गाठ आहे. त्याच्या शेजारी खिडकीत मिळालेली ती पहिली घुबडमाशी. तिच्या टाचणीला काही नाही.